सरकारी माती

माझ्या थोरल्या दिरांना घरात सगळे अण्णाच म्हणत. गुलबर्ग्याला ते आगीच्या बंबावर नोकरीला होते. सुट्टीत आळंदला आले तरी कान रस्त्याकडेच. कुठं घंटा वाजली की भरल्या ताटावरून उठायचे, आणि ती बर्फगोळेवाल्याची निघाली की माझ्या जाऊबाई, म्हणजे आमच्या अक्का, तोंडाला पदर लावून हसायच्या.

मग तिकडं एका डाळ मिलला आग लागली. आत अडकलेल्या हमालाला बाहेर ढकलताना भिंत अण्णांच्या अंगावर आली. हमाल वाचला, अण्णा गेले.

त्यांना घरी आणलं तेही बंबातूनच. सोबत त्यांचे साहेब आणि खाकी कपड्यांतले जोडीदार होते. साहेब कन्नड वळणाच्या मराठीत माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "अप्पा, कामावर असताना गेलेल्या माणसाच्या मातीचा खर्च सरकार करतंय. आम्हीच खांदा देतो, बंबावरनं नेतो, सलामी देतो."

सासऱ्यांनी सलामी ऐकलीच नाही. त्यांच्या कानात शिरलं ते फक्त सरकार. आमच्या गावात सरकारी खर्चानं माती व्हायची ती बसस्टँडवर मरून पडलेल्या, कुणीही ओळख न सांगितलेल्या माणसाची. नगरपालिकेचा गाडा यायचा आणि लोक दारं लावून घ्यायचे. सासऱ्यांना अडत बाजारात मान होता. ते ताडकन उठले.

"माझं लेकरू बेवारस हाय का? समदे भाऊबंद मेलेत का आमचे? न्हाई लागत तुमचं सरकार!"

साहेब हात जोडून समजावत राहिले. आत अक्कांनी माझा दंड घट्ट धरला. "त्या लोकांस्नी नेऊ द्या म्हणावं गं. रोज त्येंच्यासंगंच जायचे."

सासऱ्यांपुढं त्या कधी बोलत नसत. माझी जीभ मात्र घरात बदनामच होती, तर मीच उंबऱ्यात जाऊन सांगितलं. "बायकांनी आत बसावं," एवढंच उत्तर मिळालं. सासऱ्यांचं लेकरू गेलं होतं हे मला कळत होतं, तरी तो राग माझ्या पोटात अजून आहे.

खाकी कपडे उतरवून अण्णांना धोतर नेसवलं. तिरडी भाऊबंदांनी उचलली. जोडीदार टोप्या काढून रस्त्यापलीकडे उभे राहिले. त्यांना कुणी जवळ बोलावलं नाही. मग ते रिकामा बंब घेऊन, घंटा न वाजवताच निघून गेले.

बऱ्याच वर्षांनी त्या जोडीदारांपैकी एक जण विहिरीत पडलेल्या मुलाला काढताना बुडाला. अक्का मला म्हणाल्या, जायचंच. सासरेही निघाले. तोवर ते थकले होते, बोलणंही कमी झालं होतं.

गुलबर्ग्याला पोचलो तर बंब झेंडूच्या माळांनी भरलेला. साऱ्या रस्त्याची दारं उघडी, दुकानदार पायऱ्या उतरून हात जोडून उभे. खाकीतल्या माणसांनी त्याला त्याच्याच खाकी कपड्यांत उचललं, सलामी दिली. मेलेल्या माणसाचा म्हातारा बाप मान ताठ ठेवून रडत होता.

"असं असतंय व्हय ह्ये?" सासरे स्वतःशीच बोलले. आणि काय वाटलं कोण जाणे, गर्दीत शिरून त्यांनी त्या परक्या तिरडीला खांदा दिला. बंबापर्यंत चालले, आणि घाम पुसत आमच्याकडे परत आले.

तेव्हा अक्का आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढं बोलल्या.

"अप्पा, ह्या लोकांनी आपल्या दारात एवढंच मागितलं हुतं."

मला वाटलं होतं, हे ऐकून माझा जीव थंड होईल. झाला नाही. सासऱ्यांकडे बघवेना.

बंब घंटा वाजवत निघाला. ती ऐकू येईनाशी झाली तरी अक्का हलेनात. मी हात धरला तेव्हा म्हणाल्या, "आपल्या दारातनं मुकाच गेला गं."