मातीचं विरजण

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. धानोऱ्याच्या पलीकडे जंगलातल्या एका गावात माझे यजमान शाळेवर गुरुजी होते. शाळेत एक फळा, थोडे खडू आणि तीसेक पोरं. चित्रकलेचं सामान वरून कधी यायचं नाही, ते मी घरी करायची. फाल्गुनात वाळवून ठेवलेली पळसाची फुलं उकळून केशरी रंग, हळदीचा पिवळा, कंदिलाच्या काजळीत धावड्याचा डिंक घोटून काळा. शिंदीच्या काडीचं टोक ठेचलं की ब्रश झाला. गावात माझं नाव झालं होतं आणि त्या नावाची मला चटक लागली होती, हे आता कबूल करायला काही वाटत नाही.

फक्त माती काही केल्या मला वश होत नव्हती. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो, तो पोरांचा. लाकडी बैल गावात दोन-तीन घरीच होते, बाकीची पोरं मी मळून दिलेल्या मातीचे बैल करत. पावसाळ्यात ते चुलीजवळ वाळवावे लागत आणि वाळता वाळता तडकत. ऐन पोळ्यात कुणाच्या बैलाचा पाय निघे, कुणाचं शिंग गळे. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, गाळाला मी नावं ठेवत असे. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

त्या वर्षी श्रावणात एक गोंड बाई आमच्या दारी वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, विकायला आली. जंगलातल्या टोल्यावर, चार-सहा घरांच्या वस्तीत, राहायची. वय माझ्याएवढंच. मी ओसरीवर माती मळत होते, ती टोपली उतरवून बघत बसली आणि हसली.

"बाई, तुमची माती उपाशी हाये," ती म्हणाली. "तिले पेज पाजा लागते."

मी म्हटलं, "पेज माणसं पितात."

"मातीबी पिते. आंबली पायजे पण."

आठ दिवसांनी ती पळसाच्या पानात बांधून मातीचा एक मूठभर गोळा घेऊन आली. काळा, आंबूस वासाचा, लोण्यासारखा मऊ. आमच्याच बोडीची माती तिने घेतली, त्यात तो गोळा कुस्करला, भाताची शिळी पेज ओतली आणि मडक्याचं तोंड बांधून माझ्याच पडवीच्या कोपऱ्यात ठेवलं. दुधाला विरजण लावतात तसं. पुढच्या सोमवारी उघडून त्यातल्या थोड्या मातीचे चार बैल केले. एकालाही तडा गेला नाही.

यजमान बैल हातात फिरवत म्हणाले, "तू हे शिकून घे हिच्याकडून." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाच वर्षं हात काळे-पिवळे केले मी, आणि शिकायचं कुणाकडून, तर जिला अक्षर ओळखीचं नाही तिच्याकडून!

तरी तेवढ्यावर भागलं असतं. पण माझी मुलगी सहा वर्षांची होती. मी तिला कच्च्या मातीला हात लावू देत नसे, छान मळलेला गोळा तिच्या हातात ठेवत असे. या बाईने तिचा फ्रॉक कमरेला खोचला आणि तिला सरळ मातीत उभं करून तुडवायला लावलं. पोर खिदळत होती. मी केलेल्या कुठल्याच वस्तूवर ती अशी हसलेली मला आठवेना. दोन आठवड्यांत ती "मले दे, मले पायजे" म्हणू लागली. माझ्या वडिलांनी आम्हाला "मला" म्हणायला छड्या मारून शिकवलेलं. मी तिला दोनदा चापट मारली. तिने रडता रडता विचारलं, ती बाई आज येणार का?

मला ती बाई बघवेना. तिची टोपली, तिचं हसणं, माझ्या पोरीचं तिच्या मांडीला टेकलेलं डोकं, काहीच बघवेना. एक दिवस ती मडक्यात ओतायला पेज मागायला आली तर मी पेज नाही म्हणून सांगितलं. चुलीवर भांडंभर होती. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती.

पोळा तीन दिवसांवर आला. दुसऱ्या दिवशी तीस पोरांसाठी माती काढायची ठरली होती. दुपारी घरात कुणी नव्हतं. मी मडकं उचललं, बोडीच्या पाळीवर नेलं आणि उपडं केलं. पाऊस धो धो पडत होता. बघता बघता सगळं पाण्यात मिसळून गेलं. रिकामं मडकं पडवीत आडवं टाकलं आणि हात धुऊन तांदूळ निवडायला बसले. खरं सांगते, त्या वेळी मला फार बरं वाटलं.

ती सकाळी आली. मी म्हटलं, "डुकरं शिरली होती गं रात्री."

तिने मडक्यात हात घालून बघितलं. आतून पुसून जे काही नखाला लागलं ते बोटांवर चोळलं. मग खालीच बसली. मला वाटलं, आता आरडाओरडा करील.

"माती लय भेटते बाई," ती म्हणाली. "पण त्याच्यात माह्या मायच्या हातची माती व्हती. मी लगनाची निघाली तवा तिनं मूठभर देली. दरसाल थोडी नव्या मातीत घालाची, थोडी राखाची. औंदा सारीच इथं आणली, पोरं लय हायेत म्हून." मडकं सरळ उभं करून म्हणाली, "माय तं आता नाई."

डुकरं कशी आली, कुठून आली, तिने एका शब्दाने विचारलं नाही. ती विचारती तर मी आणखी चार थापा मारल्या असत्या.

एवढ्यात शेजारी बसलेली मुलगी उठून मागल्या दारी गेली. रांजणाच्या मागे, ओलीत, हात घालून तिने काहीतरी काढलं. पळसाचं पान होतं, बारीक काडीने टाचलेलं, जरा वाकडंतिकडं. आत लिंबाएवढा काळा गोळा, अजून ओला. त्यावर पाणी शिंपडायला ती रोज जात असणार आणि मला पत्ताही नव्हता.

"मडक्यातलं हे कधी काढून ठेवलंस गं?" मी विचारलं.

"तू पेज नाही म्हणालीस ना, त्या दिवशी."

"कशासाठी?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पाऊस येणार म्हणून गोवऱ्या आत घ्यायच्या, इतक्या साधेपणाने ती म्हणाली, "तू फेकशील म्हणून."

आणि माझ्या बाजूने वळसा घालून तिने तो गोळा त्या बाईच्या हातात दिला.