मामींनी दारात अडवलेला डबा

आज पहाटे शोभामामी गेल्या.
माझ्या आईनं त्यांच्याशी धरलेला अबोला तसाच राहिला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका लग्नाचं जेवून चाकूरला घरी आल्यावर मामांना उलट्या सुरू झाल्या, थांबेचनात. पोट टम्म फुगलं. लातूरला ॲडमिट केलं. मी लातूरलाच राहते, म्हणून मामींच्या सोबतीला मी होते.

सीटी स्कॅन झाला. जठराच्या भिंतीत हवा दिसली.
पोटाच्या पोकळीत नाही, भिंतीच्या आत.

डॉक्टर म्हणाले, "एक तर जंतू भिंतीत शिरून गॅस तयार करतात. त्यात पेशंट हातचा जातो. नाहीतर उलट्यांच्या जोरानं आतलं अस्तर जरासं फाटतं आणि तिथून हवा घुसते. यांना ताप नाही, बीपी ठीक आहे, भिंतही सुजलेली नाही. मला दुसरं कारण वाटतंय. पण पोटात काही गेलं आणि पुन्हा उलटी झाली, तर भिंत फुटेल, मग ऑपरेशनच. मी सांगेपर्यंत पाण्याचा घोटही द्यायचा नाही."

मामींनी मान हलवली आणि वॉर्डच्या दारात स्टूल टाकून बसल्या.

दुसऱ्या दिवशी कंधारहून आई आली. मामांची थोरली बहीण. डब्यात आंबील, बाटलीत ओव्याचं पाणी.

मामी उठून उभ्या राहिल्या. "आक्का, आत जाऊन बोला. डबा मातर माझ्यापाशी ठेवा."

"गॅसच हाय म्हणं. ओव्यानं उतरतो की."

"न्हाई द्यायचं, आक्का."

"माझ्या भावाला उपाशी मारायलीस का?"

अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. आतून मामाही म्हणाले, "दे की गं दोन घोट."

मामी हलल्या नाहीत. आई डबा घेऊन तशीच परत गेली.

पुढच्या स्कॅनमध्ये हवा जिरलेली होती. ऑपरेशन टळलं.

आईला मी शंभरदा समजावलं. "डॉक्टरचं कौतुक सांगू नको मला," एवढंच म्हणायची. भाऊबीजेला मामा एकटेच यायचे. मामी लाडू करून द्यायच्या, आई ते शेजारीपाजारी वाटून टाकायची. मामींनी कधी तक्रार केली नाही. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला राग यायचा. आजही येतोय.

आज आई चाकूरला आली. ओट्यावर मामा बसले होते. म्हणाले, "आक्का, त्या दिवशी हिनं तुझं ऐकलं असतं, तर मी कुठला राहतो?"

आई आत गेली.
थोरली नणंद भावजयीच्या पाया पडत नाही आमच्याकडे.
आई पडली. म्हणाली, "शोभा, चुकलं गं माझं."

मामी, हे तुमच्या कानांवर पडायला हवं होतं.

शांतपणे जा. आमचे मामा आहेत, ते तुमच्यामुळे.