जार्लथ डर्कनने चुकवलेलं मयत

जार्लथ,

पेपरात तुझ्यावर अर्धं पान आलंय. चौतीस वर्षं खासदार, दहा निवडणुका जिंकलेला, लोकांचा माणूस वगैरे. फोटो वीस वर्षांपूर्वीचा. खोटं काही लिहिलेलं नाही, पण त्या अर्ध्या पानात टॉम किलबेनचं नाव कुठे नाही आणि त्याच्याशिवाय तुझी गोष्ट पुरी होत नाही. तू असतास तर म्हणाला असतास, ‘राहू दे गं, मास्तरीणबाई.’ मी राहू देणार नाही.

एवढं लिहून अट्रॅक्टा गिलव्हरीने पेन खाली ठेवलं. मेलेल्या माणसाला पत्र लिहिणं तिला बावळटपणाचं वाटलं. त्यापेक्षा गोष्ट सरळ सांगितलेली बरी.

जार्लथ गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. बत्तिसाव्या वर्षी तो खासदार झाला आणि क्लूनशानच्या शाळेत शिकवणाऱ्या अट्रॅक्टाला म्हणाला, “दोन महिने माझं कार्यालय बघ. मला स्पेलिंग येत नाही.” ते दोन महिने चौतीस वर्षं चालले.

दर शनिवारी मोरनच्या पबच्या मागच्या खोलीत लोक यायचे. कुणाची पेन्शन अडलेली, कुणाच्या दारातला रस्ता खचलेला. पण त्याचं खरं काम मयताला जाण्याचं. रोज सकाळी नऊ वाजता रेडिओवर जिल्ह्यातल्या मृतांची नावं वाचायचे आणि अट्रॅक्टा पेन्सिल घेऊन बसायची. एकेका दिवसात तीन-तीन घरं व्हायची. रांगेत उभं राहायचं, घरच्यांचा हात हातात घ्यायचा, “फार वाईट झालं हो,” म्हणायचं. मेलेल्याच्या गाईचं नावसुद्धा त्याला ठाऊक असायचं.

“मतांसाठी जातोस तू,” ती एकदा त्याच्या तोंडावर म्हणाली.

“मतांसाठीच जातो. पण गेल्यावर वाईट वाटतंच ना गं.”

मग सरकारने शेजारच्या गावातल्या रुग्णालयाचा अपघात विभाग बंद करायचं ठरवलं. सरकार त्याच्याच पक्षाचं. डॉलमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या संसदेत, मतदान व्हायचं होतं.

“विरोधात मत दे,” अट्रॅक्टा म्हणाली. “पक्षातून काढतील. काढू देत.”

“आणि बाहेर बसून काय मिळवू? आत राहिलो तर एखादी ॲम्ब्युलन्स तरी मागून आणेन.”

त्याने पक्षाबरोबर मत दिलं. ॲम्ब्युलन्स खरोखरच आणली, एक. ती चाळीस मैलांवर उभी असायची.

फेब्रुवारीत टॉम किलबेन गोठ्यात छातीला हात लावून खाली बसला. ॲम्ब्युलन्स यायला एक तास दहा मिनिटं लागली. शहर सहा मैलांवर आलं असताना तो वाटेतच गेला. टॉम शाळेत जार्लथच्या बाकावर बसायचा. पहिल्या निवडणुकीत सायकलवरून त्याची पत्रकं वाटणारा तोच. बायको डीलिया क्लूनशानचं दुकान चालवायची.

रेडिओवर नाव आलं. जार्लथ अंगात कोट घालून बसला होता.

“गाडी काढू?” अट्रॅक्टाने विचारलं.

“नको.”

“नको काय? टॉम आहे तो.”

“म्हणूनच. कुठल्या तोंडाने हात पुढे करू?”

“आहे त्याच तोंडाने. दुसरं कुठून आणणार? ऊठ.”

तो उठला आणि डब्लिनला निघून गेला. तिथे त्या दिवशी त्याचं काडीचं काम नव्हतं.

अट्रॅक्टाच्या हातून त्याहून वाईट झालं. कार्यालयातून महिन्याला तीस-चाळीस छापील सांत्वनपत्रं जायची, खाली जार्लथच्या सहीचा शिक्का. तिने सवयीने एक डीलियाला पोस्टात टाकलं. त्या कार्डावर तळाला वर्षानुवर्षं एक ओळ छापलेली होती: पेन्शन, रुग्णालय वा अन्य कामासाठी दर शनिवारी अवश्य भेटा. मुलांच्या वह्यांतला चुकलेला स्वल्पविराम न सोडणाऱ्या बाईने ही ओळ वाचली नाही.

डीलियाने ते कार्ड दुकानाच्या काचेवर आतून चिकटवलं, हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीशेजारी. त्यावर एक अक्षर लिहिलं नाही, कुणाला काही बोलली नाही. पाव घ्यायला सगळं गाव तिथेच येतं. निवडणुकीपर्यंत कार्ड जागचं हललं नाही.

मोजणीच्या दिवशी पेट्या उघडल्या की कठड्याला रेललेले टॅलीवाले, म्हणजे पक्षांचे मतं टिपणारे कार्यकर्ते, एकेक मतपत्रिका नजरेने टिपतात. कुठल्या गावाने कुणाला किती दिलं, ते तासाभरात उघडं पडतं. जार्लथचा टॅलीवाला पॅकी रूएन वही घेऊन अट्रॅक्टाकडे आला.

“बाई, क्लूनशानची पेटी. मागच्या वेळी तीनशे अकरा मतं होती.”

“आता सांग.”

“अठ्ठावन्न. आणि बाकीच्यांनी दुसऱ्या पसंतीलाही घेतलं नाही त्याला.”

पाचव्या फेरीत जार्लथ बाद झाला. एका मतदारसंघातून तिथे अनेक जण निवडून येतात; त्या सगळ्यांशी त्याने हात मिळवले, उभ्याउभ्या हॅमचं सँडविच खाल्लं. परतताना गाडीत म्हणाला, “हे अठ्ठावन्न कोण असतील गं?”

“एक मी.”

“मतदान गुप्त असतं, बाई.”

थोडं अंतर गेल्यावर ती म्हणाली, “ते कार्ड मी टाकलं होतं.”

“सही माझी होती,” तो म्हणाला. “आणि मी गेलो असतो तर तिने कार्ड फाडून फेकलं असतं.”

मे महिन्यात त्याने आपणहून विषय काढला. “रविवारी प्रार्थना आटोपली की डीलियाकडे जाऊ. तूही चल. चूक दोघांची, दोघांनीच जायचं.”

गेले दोघं. फाटकाशी अट्रॅक्टाने गाडी थांबवली. अंगणात एक परकी गाडी उभी होती.

“पाहुणे आहेत तिच्याकडे,” जार्लथ म्हणाला. “पुढच्या रविवारी येऊ.”

“पाहुण्यांचं काय घेऊन बसलास? तोंड दाखवायचंय आपल्याला.”

ती बोलली तशी, पण इंजिन तिनेही बंद केलं नाही. पुढच्या रविवारी गवत कापायचं होतं. त्याच्या पुढच्याला जार्लथच्या बहिणीची नात आली होती. मग त्याच्या तपासण्या सुरू झाल्या. ऑक्टोबरात तो गेला.

त्याच्या मयताची रांग चर्चपासून रस्त्यापर्यंत. विरोधकसुद्धा आले. डीलिया एकटी आली, काळा कोट, हातात काही नाही. जार्लथच्या बहिणीचा हात घेतला, मग अट्रॅक्टाचा.

“फार वाईट झालं हो.”

अट्रॅक्टाला कार्डाचं सांगायचं होतं. मागून लोक पुढे सरकत होते.

“मे महिन्यात फाटकाशी गाडी तुमचीच ना?” डीलियाने हळूच विचारलं. “बहीण आली होती माझी. आणखी दोन कप काढायला काही लागत नव्हतं.”

“आम्ही येणार होतो.”

“हो,” डीलिया म्हणाली आणि पुढच्या हाताकडे वळली.

अट्रॅक्टा आता पावासाठी चार मैलांवरच्या गावी जाते. वाटेत किलबेनांचं फाटक लागतं, बहुतेक वेळा उघडंच असतं; ती आत वळत नाही. जायचं ठरलं होतं ते दोघांनी मिळून. ते राहिलं.