अडवून धरलेलं ‘हो’
मिसिसिपीत रेल्वेचे रूळ सरळ करणाऱ्या आमच्या टोळीत एनॉस पिटची हाळी म्हणजे कायदा. हातात पहार धरून तो ओळ गायचा, शेवटच्या ‘होऽ’वर सगळे काळे गडी एकदम जोर लावायचे आणि वाकडा रूळ बोटभर सरकायचा. एखादा पुढेमागे झाला तर पहार उलटून त्याचेच दात पाडायची. म्हणून त्याच्या ‘हो’शिवाय कुणी हलत नसे.

हाळीत तो सगळ्यांची टर उडवायचा. कुणाची बायको पळालेली, कुणाची मारकी. म्हाताऱ्या डोशीकाकाचं तर त्यानं थेट पाद्र्याच्या बायकोशी जुळवून दिलं होतं. फक्त रूबेनचं नाव कधी आलं नाही.

“सगळ्यांची लफडी गातोस, माझंच का नाही रे?” मक्याची भाकरी परतताना रूबेन चिडवायचा. “तोंड भाजतं का माझ्या नावानं?”

“तुझं नाव घेतलं की आवाज फिरतो, मेल्या. बहिऱ्यालाही कळेल.”

टोळीला कळलेलंच होतं. दोघांच्या झोपायच्या फळ्या शेजारी, दोघांचं ताट एक. कोण कशाला बोलेल? पण गोऱ्या मुकादमाला कळतं, तर दोघांना झाडाला टांगलं असतं. त्या धास्तीनं एनॉस गप्प राहायचा.

ऑगस्टातली दुपार होती. पाण्याच्या बादल्या दोन. आम्हाला भोपळ्याचं तुंबडं, मुकादम क्रॉफर्डला पत्र्याचा पेला, काळ्यानं शिवायचा नाही असा. रूबेनला घेरी आली आणि हाताला लागला तो पेला त्यानं तोंडाला लावला. एवढंच! प्यायला पाणीच ना? क्रॉफर्डनं कुदळीचा दांडा उचलला आणि पहिल्याच तडाख्यात त्याचा जबडा मोडला.

“थांबलात का रे? गाडी यायच्या आत रूळ सरळ पाहिजे!” तो ओरडला. कमरेला पिस्तूल होतंच. “एनॉस, गा! थांबलास तर इथंच गोळी घालीन.”

“होय, कॅप्टन,” म्हणत एनॉस गायला लागला. करतो काय बिचारा?

‘हो’ आलं, पहारी दाबल्या, आणि दांडाही खाली आला. पुन्हा ओळ, पुन्हा ‘हो’, पुन्हा दांडा. बरगडी मोडलेली सगळ्यांना ऐकू आली. क्रॉफर्ड हाळीच्या तालावर मारत होता! वर्षानुवर्षं टोळीशेजारी उभं राहून त्या हैवानाच्याही हाडांत ताल मुरला होता, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. एनॉसला मात्र कळलं. आपल्याच गळ्यानं आपला माणूस मरतोय.

त्यानं ओळ जराशी लांबवली. दांडा वरच थांबला. मग सगळं सोडून एनॉसनं नाव घेतलं.

“रूबेन माझा रक्तात भिजला, रूबेन माझ्या जिवाचा राजाऽऽऽ...”

‘हो’ त्यानं दिलंच नाही. पहारी थबकल्या. क्रॉफर्डचे हातही डोक्यावर तसेच राहिले, ‘हो’ची वाट बघत. एनॉसनं आपली पहार उपसून त्याच्या गुडघ्यावर घातली. पिस्तुलाकडे गेलेलं मनगट दुसऱ्या घावात चेचलं. मुकादम गुरासारखा हंबरत खडीवर लोळला आणि डोशीकाकानं पिस्तूल काढून घेतलं.

“पळा रे! माझ्या नावावर टाका सगळं,” काका म्हणाला. “मला म्हाताऱ्याला आता कुठं नाचायचंय?”

एनॉस रूबेनला खांद्यावर टाकून दलदलीत शिरला. डोशीकाकाला गोऱ्यांनी संध्याकाळी गावाच्या वेशीवर जिवंत जाळलं. या दोघांना ते उत्तरेत शिकागोला पोचल्यावर, बऱ्याच दिवसांनी कळलं. त्यानंतर एनॉस गायला नाही, चर्चमध्येसुद्धा नाही. वाकड्या सांधलेल्या जबड्यानं रूबेन म्हणायचा, “एकदा घे ना माझं नाव, तसं.” एनॉस मान फिरवायचा.

रूबेन म्हातारा होऊन वारला. शवपेटी खड्ड्यावर दोरांनी पेलून धरली होती. दोर धरणारे बहुतेक आमच्या टोळीतलेच, एकेक करून उत्तरेत पळून आलेले. पाद्र्याची प्रार्थना संपली, पण दोर कुणी सैल सोडेना. सगळे एनॉसकडे बघत होते. फाटक्या आवाजात त्यानं तीच ओळ धरली, ‘राजाऽऽ’वर खूप वेळ थांबला, आणि इतकी वर्षं अडवून धरलेलं ‘हो’ दिलं. आम्ही दोर सोडले.