धुरजड विमान

ज्या माणसाने उभ्या जन्मात विमानात पाऊल ठेवले नव्हते, त्याला आपण घडवलेले विमान जमीन सोडेल असा भरवसा कशाच्या बळावर वाटला असेल? या प्रश्नाचे उत्तर आजही हाती लागत नाही. हाती लागते ती केवळ हकिकत.

अल्लीपूरचे रूपराव हे बैलगाड्या घडवणारे सुतार. सहा वर्षे खपून त्यांनी एका माणसापुरते विमान उभे केले: ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, भंगारातल्या मोटारीचे इंजिन आणि स्वहस्ते तासलेला सागवानी पंखा. १९९८च्या एप्रिलात प्रभाकररावांचे कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेले शेत त्यांना धावपट्टीसाठी मिळाले, तेही अक्षय्य तृतीयेपर्यंतच. पुढे तिथे नांगर चालायचा होता. तोवर विमान उठले नाही, तर पुन्हा वर्षभर वाट पाहणे आले.

सणाच्या आदल्या दिवसाच्या सकाळपर्यंत विमान अकरा वेळा धावले. उठले एकदाही नाही.

“मिस्तरी, उद्या अक्ती हाये,” बांधावरून प्रभाकरराव ओरडले. “उडन त उडन, नाई त वखराले जुंपू!”

रूपरावांनी मान वर केली नाही. दोष त्यांच्या कसबातच दडला होता. भार मागे गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचा गळा आवळतो. म्हणून गाडी किंचित धुरजड, म्हणजे पुढे जड राखायची, हे त्यांच्या हाडीमाशी खिळले होते. त्याच धाकाने त्यांनी विमानाच्या नाकात लोखंड बांधले होते. न्याहारी घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नीची, सुमित्राबाईंची, नजर त्यावर गेली.

“हे काऊन बांधलं जी?”

“उलाळ व्हाले नाई पायजे.”

“अन् झालं उलाळ, त गळा कोनाचा आवळन? याले बैल कुठं हायेत?”

रूपराव हसले. तरीही सगळे लोखंड त्यांनी एकदम सोडले नाही. थोडे थोडे उतरवत, दर वेळी धावून पाहत गेले. निम्मे उतरल्यावर, पंधराव्या फेरीत, चाकांखालचा खडखडाट एकाएकी थांबला. बाभळीच्या शेंड्याइतक्या उंचीवरून विमान नाल्यापर्यंत गेले आणि उसळ्या घेत, पण सुखरूप उतरले. आपल्या विद्येतले सोडायचे किती आणि राखायचे किती, हे भर उन्हात ज्याला उमगले, त्याला नुसते हौशी म्हणणे अपुरे ठरेल.

यानंतरचे, दोन आसनांचे विमान रूपरावांनी २००६ साली पूर्ण केले.