अख्खी सुपारी

सुरेशदादांचं नाव मोबाईलवर उजळलं तेव्हा मी एका नाट्यगृहाच्या रंगमंचावर गुडघे टेकून वायरी चिकटवत होते. दुपारी कार्यक्रम, आवाजाची सगळी जबाबदारी माझी, त्यात एक माईक सकाळपासून रुसलेला. दादा, आत्ता नको, असं पुटपुटून मी फोन कट केला. ही आमची जुनी रीत होती. मी फोन कापायचा आणि त्यांनी न रागावता तासाभरानं पुन्हा करायचा. त्या दिवशी तो पुन्हा आला नाही. कार्यक्रम आटोपल्यावर मीच केला, तर पलीकडे मंगलवहिनी. "ताई, हे गेले..." एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, "कुठं गेले?" खरंच असं विचारलं मी. डेपोत गेले असतील, पालीला गेले असतील, असंच माझ्या डोक्यात. वहिनींच्या मागून बायकांचं रडणं ऐकू यायला लागलं, तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात शिरलं. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्याची गाडी दारात यायच्या आधीच संपलं होतं. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

दादा भोर डेपोत कंडक्टर होते. आमची ओळख पुण्यातली, कला-व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर वर्गातली. शनिवार-रविवारचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. कलासंस्था कशी उभी करायची, कार्यक्रम कसा आखायचा, कलावंतांशी करार कसा करायचा, असं सगळं त्यात होतं. वर्गात बहुतेक सगळे माझ्यासारखे, पंचविशीतले, नाटक-गाण्याच्या कडेकडेनं फिरणारे. आणि त्यात पंचेचाळिशीचा हा एक खाकीतला माणूस, सकाळची ड्युटी संपवून तसाच वर्गात येणारा. पहिल्या दिवशी मी त्यांना शिपाई समजले आणि चहा कुठं मिळेल ते विचारलं. "खाली, डाव्या हाताला. चला, म्या बी येतो," ते म्हणाले. चहा पाजला, आणि तास सुरू झाल्यावर माझ्याच शेजारी येऊन वही उघडून बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्यांनी मात्र ती गोष्ट पुढं दोन वर्षं मला चिडवायला पुरवून पुरवून वापरली.

त्यांचं घर उत्रोलीला. वडिलांची, म्हणजे नानांची, गायन पार्टी होती. जयंतीला, विहारात, लग्नाकार्यात, भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर नाना पेटी घेऊन गायला जात, मागं सूर धरायला दादा. नाना थकले तशी पार्टी विस्कटली. ती पुन्हा बांधायची आणि नीट बांधायची, म्हणून दादा या वयात शिकायला आले होते. एकदा सरांनी वर्गाला विचारलं, कलावंत कार्यक्रमाला नक्की येईल याची खात्री तुम्ही कशी करून घ्याल? कोणी करारपत्र म्हणालं, कोणी वकील म्हणालं. दादा उठून म्हणाले, "आमी सुपारी देतो." सगळा वर्ग खो-खो हसला. सिनेमे बघून आमच्या डोक्यात सुपारी म्हणजे एकच, माणूस उडवायची. दादा हसू थांबेपर्यंत उभे राहिले, मग शांतपणे म्हणाले, "हसा की. पण ऐका. यजमान सुपारी हातात देतो, गाणारा घेतो. घेतली म्हंजी बांधला गेला. माझी आजी वारली, तिसऱ्या दिवशी वेल्ह्याकडं गाणं हुतं, नानांनी आधीच सुपारी घेतलेली. डोळं पुशीत गेले आन गाऊन आले." आता कोणी हसत नव्हतं. सरांनी फळ्यावर 'करार' लिहिलं होतं, त्याच्या शेजारी 'सुपारी' लिहिलं.

दादांनी पुढं प्रकल्पही त्यावरच केला. मार्गदर्शकांनी शीर्षकात 'अनौपचारिक करार' असं घालायला लावलं, तर दादा महिनाभर धुसफुसत होते. "अनौपचारिक कसला ओ ताई? कागुद फाडता येतो. सुपारी मोडायची तर माणसाच्या म्होरं जावं लागतं, त्येच्या डोळ्यात बघून त्येच्या हातात परत ठेवावी लागते. लई अवघड काम हाय त्ये." मी तेव्हा हो हो म्हटलं. माझं लक्ष माझ्याच प्रकल्पात होतं.

अभ्यासक्रम संपला आणि दादांनी पालीचं मनावर घेतलं. राजगडाच्या पायथ्याचं पाली हे त्यांच्या आत्याचं गाव. तिथं भजनी मंडळ देवळात गायचं आणि गायन पार्टी विहारात गायची. भांडण नव्हतं, पण एका मांडवात कधी बसले नव्हते. दादांना ते शाळेच्या पटांगणात, एका मंचावर बसायला हवे होते. वर्षभर सुट्टीच्या दिवशी ते पालीला खेटे घालत होते. तोंडावर कोणी नाही म्हणत नव्हतं आणि हो पण म्हणत नव्हतं. शेवटी भजनी मंडळाचे म्हातारे मृदंगवाले बाळूअण्णा यांनी सुपारी घेतली. त्याच आठवड्यात दादा पुण्यात आले आणि एक सुपारी माझ्या तळहातावर ठेवली. "आवाज तुमी सांभाळायचा." शेजारी बसलेल्या मैत्रिणीनं डोळा मारला, "काय गं, सुपारी फुटली की काय तुझी?" दादाच हसून म्हणाले, "फुटली तर लगीन ठरतं. आमाला अख्खी पायजे." मी ती पेनांच्या डब्यात टाकली.

आणि मग मी काय केलं ते लिहायचंच तर सरळ लिहिते. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी मला शहरातल्या एका मोठ्या महोत्सवाचं बोलावणं आलं. तोच दिवस. माझं नाव पत्रिकेत छापून येणार होतं. मी दादांना मोबाईलवर मेसेज केला, जमणार नाही, सॉरी, दुसरा माणूस बघा. फोनसुद्धा नाही केला. त्यांचं उत्तर आलं, "बरं ताई."

दुसरा माणूस मिळाला तो लग्नात गाणी वाजवणारा. पालीत काय झालं ते मला नंतर वहिनींकडून कळलं. विहारातली माणसं, देवळातली माणसं, दोन्हीकडच्या बायका एका सतरंजीवर बसल्या होत्या. बाळूअण्णांनी मृदंगावर थाप मारली आणि कर्ण्यातून अशी किंचाळी निघाली की पोरं कानावर हात ठेवून पळाली. पुन्हा थाप, पुन्हा किंचाळी. गडावरून उतरलेले ट्रेकर रस्त्यात उभे राहून मोबाईलवर ते टिपत हसायला लागले. अण्णा उठले. "आमाला हसायला बोलवलंसा व्हय?" म्हणाले, मृदंग खांद्याला लावला आणि घरी गेले. मागोमाग देवळाकडची सगळी माणसं. मृदंगाला माईक कसा लावायचा, ही दोन मिनिटांची गोष्ट होती. माझी गोष्ट होती ती. त्या दिवशी मी पुण्यात टाळ्या घेत होते.

पुढं पाच महिने मी त्यांना तोंड दाखवलं नाही. मध्ये त्यांना हृदयाचा झटका येऊन गेला, डेपोनं बसून करायचं काम दिलं, असं कळलं. तेव्हा मात्र राहवेना. पेनांच्या डब्यातली सुपारी घेतली आणि भोरला गेले. म्हटलं, निदान ही तरी रीतीनं परत करू, डोळ्यात बघून. स्टँडवर उतरले तर कर्ण्यातून त्यांचाच आवाज, गाड्या पुकारत होते. स्वच्छ, जराही न फाटणारा. चौकशीच्या खिडकीतून पाहिलं तर माईक ओठांपासून बरोबर चार बोटं लांब. वर्गात असताना मीच त्यांना शिकवलं होतं ते. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. "चहा कुठं मिळंल म्हायती हाय ना?" पहिलंच वाक्य हे.

चहा झाला. मी माफी मागितली, ती नीट मागताही आली नाही, रडूच आलं. मग मी सुपारी पुढं केली. दादांनी काय करावं? दोन्ही हात पाठीमागं घेतले, शाळेतल्या पोरासारखे. "दादा, घ्या ना." "न्हाई." "मी शब्द मोडला." "मोडला कुठं? मेसेजनं सुपारी मोडत न्हाई. माझ्या हातात आली तर मोडंल, म्हून तर घेत न्हाई." मग जरा हळू आवाजात, "अण्णा बी उठून गेले त्या दिवशी. मृदंग नेला, पर सुपारी ठिवली न्हाई. म्हंजी त्यांची बी चालू हाय. औंदा भात निघालं की पुन्यांदा मांडव घालू. तुमी या." पाय निघत नव्हता माझा. गाडी सुटेपर्यंत दादा माझ्या खिडकीखाली उभे होते, हात तसेच मागं. ती आमची शेवटची भेट.

दादा गेल्यावरच्या जलदान विधीला मी उत्रोलीला गेले. पांढऱ्या कपड्यांतली माणसं दारातल्या मांडवात बसली होती, आत फोटोपुढं मेणबत्त्या. पार्टीतली माणसं गायली, पण पेटीवाल्याचा हात मध्येच थांबायचा... दादांवाचून सूर कोण धरणार. पंगतीच्या वेळी एक उंच म्हातारा माझ्यापुढं येऊन उभा राहिला. डोक्याला फेटा, हातात काठी. "त्या आवाजवाल्या ताई तुमीच का?" बाळूअण्णा होते ते. मला वाटलं, आता ऐकून घ्यायचं. ऐकून घेण्यासारखंच केलं होतं मी. अण्णांनी कनवटीला हात घातला आणि एक सुपारी काढून दाखवली. हाताळून हाताळून काळी पडलेली. "ही द्यायला आलतो म्या," अण्णा म्हणाले. "लई दिवस राग धरला. म्हनलं, जाऊन हातात ठिवावी आन मोकळं व्हावं. उद्या जातो, परवा जातो, आसं करता करता... आता द्यावी कुनाला?" मी माझ्या पर्समधली काढली. अण्णांनी आपली सुपारी माझ्या सुपारीशेजारी धरली. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, त्यांनीही पाहिल्या. अण्णा त्यांना म्हणाले, "सुनबाई, तू घेतीस का?" वहिनींनी तांब्या खाली ठेवला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

भात निघालंय. पुढच्या रविवारी पालीच्या शाळेच्या पटांगणात मांडव आहे. मृदंगाला लावायचे दोन माईक मी काल तपासून बाजूला ठेवले. सुपारी पुन्हा पेनांच्या डब्यात आहे, लिहिताना पेन काढायला हात घातला की बोटांना लागते. दादा असते तर मी ती कधी ना कधी त्यांच्या हातात कोंबलीच असती, माझा स्वभाव मला माहीत आहे. आता ती परत घेणारा हात नाही.