चौतारीवरची खोटी ओळ

कतारला लोक कामाला जातात, नाहीतर नातेवाइकांकडे. मी बाबांचा निरोप पोचवायला गेलो. तेही जूनमध्ये, तेव्हा माझा सल्ला किती ऐकायचा ते तुम्हीच ठरवा.

बाबा लष्करात सिग्नलमध्ये. नव्व्याण्णवच्या लढाईत ते एका गोरखा पलटणीबरोबर होते. त्यांच्या पायाला गोळी लागली तेव्हा होमबहादूर नावाच्या जवानानं त्यांना पाठीवर घेऊन खडकाआड आणलं आणि दुसऱ्या जखमीसाठी तो परत वर गेला. तिथंच तो पडला. बाबांनी त्याच्या बायकोला नेपाळला पत्र लिहिलं, होम जागीच गेला, त्रास झाला नाही. ते खोटं होतं, हे त्यांनी मला यंदा सांगितलं, स्वतः वारण्याच्या आठवडाभर आधी. म्हणाले, "त्याच्या पोराला खरं सांगून ये."

होमचा मुलगा दिल दोह्यात सिक्युरिटी गार्ड आहे.

विमानतळावर मावसभाऊ दिगंबर आला होता. तो हमद पोर्टवर ट्रेलर चालवतो. "यल्ला, बस गाडीत, नायतर भाजून निघशील!" अल मन्सूरा वस्तीत उतरलो. इथं इडलीपासून बिर्याणीपर्यंत सगळं स्वस्तात मिळतं आणि मेट्रोला दोन रियाल पुरतात. दुपारी मात्र पायी फिरू नका. जेवताना दिगंबरला सगळं सांगितलं.

"कशाला उकरतो? खलास झालं की ते," तो म्हणाला. मला राग आला, कारण मलाही तेच वाटत होतं.

शुक्रवारी दिलला सुट्टी. तो अल थुमामाहून बसनं आला आणि मला जवळच्या नेपाळी खानावळीत घेऊन गेला. मोमो सुरेख होते म्हणे. मी एकच खाल्ला. दिलनं बापाला पाहिलेलंच नाही, जन्मच नंतरचा. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. गावात होमच्या नावानं चौतारी बांधताहेत, म्हणजे वाटसरूंना पाठीवरचं ओझं टेकवायला झाडाखाली दगडी पार. तिथल्या शिळेवर बाबांच्या पत्रातलीच 'त्रास झाला नाही' ही ओळ कोरली होती.

"आमा ने चुना है, दाजू. हर साल वो चिट्ठी पढ़वाती है," दिल आईबद्दल म्हणाला.

मग मी सांगितलं. होम पहाटेपर्यंत जिवंत होता. वरून बाबांना नावानं हाका मारत होता.

दिलनं मोबाइल पालथा ठेवला. "आपके बाबा ने जवाब दिया?"

"नहीं."

शत्रू जवळ होता, पाय मोडला होता, हे सगळं मी पाठ करून गेलो होतो. तोंडातून निघालं नाही. मला बाबांची लाज वाटली, आणि त्यांची कीवही आली.

"पत्थर वैसा ही रहेगा," दिल म्हणाला. "आमा को कभी मत बताना."

स्टेशनपर्यंत तो सोबत आला. नको म्हटलं तरी माझी पिशवी त्यानंच उचलली.

परत येऊन दोन महिने झाले. परवा त्यानं फोटो पाठवला. चौतारी पुरी झालीय. त्याची आई शिळेला टेकून बसलीय, दिल शेजारी उभा आहे, रजेवर गेलेला.

बाबा सांगून मोकळे झाले, मीही झालो. त्याच्या बापानं माझ्या बापाला पाठीवर घेतलं होतं, आणि मी दोह्याला जाऊन बाबांचं उरलेलं ओझं त्या पोराच्या पाठीवर ठेवून आलो. बापाच्या चौतारीवरसुद्धा त्याला ते टेकवता येणार नाही. तिथं आई बसलेली असते.